दर तीन महिन्यांनी औषध पाजूनही बकऱ्यांचे डोळे पांढरे का पडतात?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. साक्री तालुक्यातल्या एका भावाकडे चाळीसेक बकऱ्या आहेत. दर तीन महिन्यांनी सगळ्या कळपाला अल्बेंडाझोल पाजतात, आणि अलीकडे आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शनही देतात. तरी श्रावण-भादव्यात बकऱ्या मलूल होतात, डोळे पांढरे पडतात, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते. यंदा दोन मेल्या. त्यांचं म्हणणं असं, की ज्या औषधाच्या शोधाला नोबेल मिळालं ते आमच्या वाड्यात चालत नाही, म्हणजे माल डुप्लिकेट असणार. तर कोणत्या कंपनीचं घेऊ?

मी धुळे-नंदुरबार पट्ट्यात पशुवैद्यक आहे, आणि शेळ्या-मेंढ्या हेच माझं रोजचं गिऱ्हाईक. "डॉक्टर, दवाई तं दिधी, पन फरक पडना नही" हे वाक्य पावसाळ्यात दर बाजाराच्या दिवशी कानावर येतं. कंपनीचं नाव मात्र सांगणार नाही. बाटली बदलून हा प्रश्न सुटत असता तर एव्हाना सुटला असता. हलका माल बाजारात नसतोच असं नाही, पण तुम्ही सांगता ती लक्षणं आणि तुमची औषध देण्याची पद्धत एकत्र ठेवली, तर माझा संशय औषधापेक्षा जंतावर जास्त आहे. संशयच म्हणतोय. खात्री करायची तर लेंड्या तपासाव्या लागतील, ते खाली सांगतो.

पांढरे डोळे, जबड्याखाली सूज आणि तरीही लेंड्या बऱ्यापैकी घट्ट, असं चित्र दिसलं की पहिलं नाव येतं हिमॉन्कसचं. हा जंत बकरीच्या चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात राहतो आणि रक्त पितो. मेलेल्या बकरीचं चौथं पोट लगेच चिरून पाहिलं तर आतल्या चिकट पाण्यात दोन-अडीच सेंटिमीटरचे, केसासारखे बारीक जंत वळवळताना दिसतात. मादी नीट उजेडात धरली तर लाल आणि पांढऱ्या दोऱ्याचा पीळ दिल्यासारखी दिसते; लाल ते प्यायलेलं रक्त, पांढरं ते अंडाशय. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त घेतो. ऐकायला काहीच वाटत नाही. पण हजार जंत म्हणजे रोज ५० मिली, आणि तीस किलोच्या बकरीच्या अंगात एकूण रक्त दोन लिटरच्या आसपास. पुढचा हिशोब तुम्हीच करा. रक्तातली प्रथिनं घटली की पाणी जबड्याखाली उतरतं. चरताना मान खाली असते म्हणून संध्याकाळी ती सूज जास्त दिसते.

एक मादी दिवसाला पाच हजार किंवा त्याहून जास्त अंडी घालते. पोटात पाचशे माद्या असल्या तर एक बकरी रोज पंचवीस लाख अंडी गवतावर पेरत फिरते. ओल आणि ऊब मिळाली की आठवड्याभरात त्या अंड्यातून चारा दूषित करणारी अळी तयार होते, पावसाच्या थेंबासोबत गवताच्या पात्यावर चढते, दुसऱ्या बकरीच्या पोटात जाते आणि तीन आठवड्यांत पुन्हा अंडी. म्हणून आषाढात ठणठणीत असलेला कळप भादव्यात एकदम बसतो.

आता नोबेलचं. ते खरं आहे आणि त्यात फसवणूक काही नाही. जपानच्या कितासातो इन्स्टिट्यूटमधले सातोशी ओमुरा मातीतले सूक्ष्मजंतू गोळा करून वाढवायचे. शिझुओका प्रांतात कवाना इथल्या गोल्फ मैदानाजवळच्या मातीतून त्यांना स्ट्रेप्टोमायसिस जातीचा एक नवा जंतू मिळाला. असे निवडक जंतू ते अमेरिकेत मर्क कंपनीकडे पाठवत. तिथे विल्यम कॅम्पबेल यांच्या गटाने ते जंतमय उंदरांना खाऊ घालून पाहिले आणि या एकाने जंत साफ केले. त्यातून एव्हरमेक्टिन निघालं, त्यात थोडा रासायनिक बदल करून आयव्हरमेक्टिन झालं. १९८१ मध्ये ते जनावरांसाठी बाजारात आलं. १९८७ पासून आफ्रिकेतल्या नदीकाठच्या अंधत्वावर माणसांना फुकट वाटलं जाऊ लागलं आणि त्याने लाखोंची दृष्टी वाचवली. २०१५ चं वैद्यकाचं नोबेल कॅम्पबेल आणि ओमुरा यांना मिळालं, निम्मं. उरलेलं निम्मं मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनसाठी चीनच्या तू यूयू यांना.

पण त्याच गोष्टीचा पुढचा भाग वर्तमानपत्रात येत नाही. १९८१ ला आलेल्या या औषधाला दाद न देणारा हिमॉन्कस त्याच दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या मेंढ्यांत सापडला. अल्बेंडाझोलच्या घराण्याची कथा आणखी जुनी: त्यातलं पहिलं औषध थायाबेंडाझोल १९६१ मध्ये आलं आणि तीनच वर्षांत त्याला न जुमानणाऱ्या हिमॉन्कसची नोंद झाली. हे घराणं जंताच्या पेशीतल्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटून त्याची घडण मोडतं. त्या प्रथिनाच्या साखळीत २०० व्या जागी एक अमिनो आम्ल बदललं की औषध चिकटतच नाही. असे जंत औषध येण्याआधीपासून थोडे का होईना असतातच. आपण औषध पाजतो तेव्हा बाकीचे मरतात आणि मैदान यांना मोकळं होतं.

खान्देशातल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको, कपाशीने शिकवलंय. बीटीच्या पाकिटासोबत नॉन-बीटी बियाण्याची वेगळी पुडी यायची, चार ओळी कडेला लावायला. कितीजणांनी ती लावली? पुडी बांधावर फेकली, सगळीकडे बीटी लावली, आणि गुलाबी बोंडअळी बीटी पचवून बसली. त्या चार ओळींचं काम अळ्या मारणं नव्हतंच. साध्या अळ्या जिवंत ठेवायच्या, म्हणजे त्यांचे पतंग चिवट अळ्यांच्या पतंगांशी जुगतील आणि पुढच्या पिढीत चिवटपणा पातळ राहील. जंतांच्या बाबतीतही शास्त्रज्ञ हेच सांगतात: कळपात आणि कुरणात औषध न लागलेल्या जंतांचा काही साठा राहायलाच हवा.

आता माझ्या मते तुमची मुख्य अडचण कुठे आहे ते सांगतो, आणि इथे बरेच सहकारी माझ्याशी वाद घालतील. आपल्याकडे मे अखेरीस, पावसाआधी, आख्ख्या कळपाला जंताचं औषध पाजायची पद्धत आहे. आंत्रविषाराची लस त्याच दिवसांत असते, म्हणून दोन्ही कामं एकाच फेरीत उरकतात. कारण तर्काला धरून आहे: पावसाळा स्वच्छ पोटाने सुरू व्हावा. पण वैशाखात साक्री-शिंदखेड्याच्या माळावर काय असतं? पारा ४३-४४ वर, गवत करपलेलं, जमीन तापलेली. उघड्यावर पडलेली लेंडी दुपारपर्यंत कडक होते आणि आतली अंडी सुकून जातात. म्हणजे त्या दिवसांत कुरण जवळजवळ रिकामं असतं. जे काही जंत शिल्लक आहेत ते बकऱ्यांच्या पोटात, त्यातले काही अळीच्या रूपात निपचित पडून पावसाची वाट बघत. अशा वेळी तुम्ही एकही बकरी न सोडता औषध पाजलं, तर जूनमध्ये माळावर पडणारी पहिली अंडी कोणाची? औषध पचवून जगलेल्यांची, फक्त त्यांचीच. चार-पाच वर्षं हेच केलं की सगळा वाडा त्यांच्या वंशाचा होतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात कोरड्या कडक उन्हाळ्यात मेंढ्यांना सरसकट औषध देण्याची शिफारस अशीच अंगाशी आली आणि पुढे तिथेही काही जनावरं बिनऔषधाची सोडायचा सल्ला सुरू झाला.

याचा अर्थ मे महिन्यात औषध देऊच नका असा नाही. ज्यांना गरज आहे त्यांना द्या, आणि धष्टपुष्ट, डोळे लाल असलेल्या मोठ्या बकऱ्यांतल्या काही मुद्दाम सोडा. कळपातले बहुतेक जंत थोड्याच बकऱ्यांच्या पोटात असतात. साधारण वीस-तीस टक्के जनावरं सत्तर-ऐंशी टक्के जंत सांभाळतात. उरलेल्यांना औषध पाजून तुमचे पैसे जातात आणि फायदा चिवट जंतांचा होतो.

हे सगळ्यांना सारखं लागू नाही. रावेर-यावलकडे केळीच्या बागा, गिरणेच्या कालव्याकाठचा पट्टा, इथे उन्हाळ्यातही बांधावर हिरवं ओलं गवत असतं आणि अळ्या वर्षभर तग धरतात. तिथे मे महिन्याचा धोका कमी पण आजार बारमाही. सातपुड्याच्या पायथ्याला पावरा भावांच्या बकऱ्या जंगलात झाडपाला ओरबाडतात, तोंड जमिनीला कमी लागतं, त्यामुळे त्यांच्यात हिमॉन्कसचा भार मला कमी दिसतो. ठेलारींच्या मेंढ्या आज इथे तर उद्या तिथे, त्यांचं गणितच निराळं. तुम्ही लिहिलंय की पावसाळ्यात बकऱ्या गावाजवळच्या एकाच गायरानात सकाळी लवकर सोडता. दंव असताना, आखूड गवतावर. अळ्या गवताच्या खालच्या दहा सेंटिमीटरमध्ये असतात, ओल असली की वर चढतात. ऊन पडल्यावर सोडा, आणि बोरी-बाभळी, शेवरी, सुबाभूळ यांचा पाला जास्त मिळेल असं बघा. बाभळीसारख्या पाल्यातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य जंतांना थोडं जड जातं, पण त्याने औषधाची जागा भरून निघत नाही. कडुलिंबाबद्दल विचारलंत: खाऊ द्या, जंत जातील ही आशा ठेवू नका.

आता खात्री कशी करायची. साधी चाचणी आहे, तिला फक्त शिस्त लागते. मोठ्या वीसेक बकऱ्या निवडा, ज्यांना गेल्या दोन महिन्यांत औषध दिलेलं नाही. दहांचे दोन गट करा, एकाला अल्बेंडाझोल, दुसऱ्याला आयव्हरमेक्टिन. औषध देण्याच्या दिवशी आणि बरोबर १४ व्या दिवशी, त्याच बकऱ्यांच्या लेंड्या तपासायच्या. लेंडी जमिनीवरची उचलायची नाही. बोटाला तेल लावून गुदद्वारातून चार-पाच काढायच्या, प्रत्येकीची पिशवी वेगळी, वर कानातल्या बिल्ल्याचा नंबर. पिशवीतली हवा दाबून काढा, बर्फाच्या डब्यात ठेवा, पण गोठवू नका, आणि त्याच दिवशी पोहोचवा. आपल्या उन्हात पिशवी एक दिवस गाडीत राहिली तर अंडी फुटून अळ्या निघतात आणि मोजायला काही उरत नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय चिकित्सालयात किंवा जिल्ह्याच्या रोगनिदान प्रयोगशाळेत आधी फोन करून जा, मोजणी करणारा माणूस आहे का ते विचारून.

तिथे तीन ग्रॅम लेंड्या मिठाच्या संपृक्त पाण्यात घोटून गाळतात. त्या जड पाण्यात अंडी वर तरंगतात, मग रेघा आखलेल्या काचेच्या कप्प्यात भरून सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात आणि ५० ने गुणून एका ग्रॅममागे किती ते काढतात. समजा पहिल्या दिवशी गटाची सरासरी १२०० होती आणि १४ व्या दिवशी ४८०. घट ६० टक्के. ९५ टक्क्यांपेक्षा घट कमी म्हणजे त्या औषधाला जंत सरावल्याचा दाट संशय. ६० म्हणजे ते औषध तुमच्या वाड्यापुरतं जवळजवळ संपलं. हे फक्त तुमच्या वाड्यापुरतं, शेजारच्या गावात तेच औषध छान चालत असेल.

चाचणी करताना औषध नीट पोटात गेलं नाही तर सगळं फुकट, आणि मला दिसणाऱ्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं. लोक अंदाजाने "मध्यम बकरी, दहा मिली" असं पाजतात. ताणकाट्याला लटकवून किंवा छातीचा घेर मोजून वजन काढा, आणि गटातल्या सर्वांत जड बकरीच्या वजनाने मात्रा ठरवा. बाटलीवरची टक्केवारी वाचा; अडीच टक्क्यांची आणि दहा टक्क्यांची बाटली सारख्याच दिसतात, औषध चौपट वेगळं. बकरी मेंढीपेक्षा ही औषधं लवकर पचवून बाहेर टाकते, म्हणून मेंढीची मात्रा बकरीला बरेचदा अपुरी पडते. अल्बेंडाझोल बकरीला मी किलोमागे १० मिलिग्रॅमने देतो. पण गाभण बकरीला पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल अजिबात नको, पिल्लू वाकडं-तिकडं निघू शकतं. पाजताना मान फार वर करू नका, सिरिंजचं टोक गालाच्या कडेने जिभेच्या मागे न्या आणि सावकाश दाबा. ओठाशी पिचकारी मारली की अर्धं सांडतं आणि उरलेलं थेट चौथ्या पोटात घसरून लवकर निघून जाण्याची शक्यता असते. पहिल्या पोटात साठून हळूहळू झिरपलं तरच ते पुरेसा वेळ काम करतं. आदल्या रात्री चारा बंद ठेवला, पाणी चालू, तर परिणाम वाढतो. अशक्त किंवा व्यायला टेकलेल्या बकरीला उपाशी ठेवायचं नाही.

आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनबद्दल एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. तुम्ही ते जंतासाठी वर्षातून दोनदा देत असाल, पण खरजेला, गोचिडाला, उवांनाही तेच टोचता. दर वेळी पोटातल्या जंतांनाही ते लागतं, आणि अंगात रेंगाळत कमी होत जाणारं औषध चिवट जंत निवडायला फार सोयीचं असतं. गोचिडासाठी अंगावर लावायचं किंवा फवारायचं औषध वापरा, वाड्याच्या भेगा जाळा, आणि हे इंजेक्शन खरंच खरूज असेल तेव्हापुरतं राखून ठेवा. शिवाय आयव्हरमेक्टिन सगळं मारतं हा समज चुकीचा आहे. यकृतातल्या चपट्या कृमींना ते काही करत नाही, पट्टकृमींनाही नाही. लेंडीवर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले की लोक घाबरून पिशवी घेऊन येतात. ते पट्टकृमीचे, मोठ्या बकरीला त्यांचा त्रास नगण्य. धरणाच्या पाणथळीत चरणाऱ्या बकऱ्यांना जबड्याखाली सूज आली तर मात्र यकृतकृमी आधी तपासावेत. आणि दोन-तीन महिन्यांच्या करडांना रक्ताळ हगवण असेल तर ती बहुतेक कॉक्सिडियाची. तो एकपेशी जीव आहे, जंताच्या कुठल्याच बाटलीने जाणार नाही.

रोजच्या व्यवहारात मी डोळ्यांवर भर देतो. दक्षिण आफ्रिकेतले पशुवैद्य फाफा मालन यांच्या नावावरून ओळखला जाणारा 'फामाचा' (FAMACHA) नावाचा तक्ता आहे: खालच्या पापणीच्या आतला रंग लालभडक असेल तर १, कागदासारखा पांढरा असेल तर ५. बकरी सावलीत नाही, उजेडात उभी करा. अंगठ्याने वरची पापणी हलकेच मिटवा, डोळा जरा आत दाबा, दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी ओढा. आतला पडदा टचकन बाहेर येतो. एक-दोन सेकंदांत रंग बघा, कारण उघडा ठेवला की तो लाल होत जातो. दोन्ही डोळे बघा आणि जो फिका त्याचा नंबर धरा. ४ आणि ५ ला औषध, १ आणि २ ला नाही. ३ ला माणूस बघून ठरवतो तसं बकरी बघून: करडू, दूध पाजणारी किंवा व्यायला महिनाभर राहिलेली असेल तर द्या, कारण व्यायच्या सुमारास बकरीच्या पोटातली अंडी एकदम वाढतात. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी हे करा, भादव्यात झड लागली तर दर आठवड्याला. चाळीस बकऱ्यांना तासाभराचं काम आहे. ज्या बकरीचा नंबर प्रत्येक फेरीत ४ येतो तिची करडं पैदाशीला ठेवू नका. हा तक्ता फक्त रक्त पिणाऱ्या जंतांसाठी आहे. हगवण लागलेली, वाळत चाललेली बकरी लाल डोळ्यांनीही आजारी असू शकते.

तुमच्याकडे आज ज्यांना सूज आहे त्यांच्यासाठी चाचणीच्या निकालाची वाट बघत बसू नका. त्यांना वेगळं करा, लांब चालवू नका, सरकी किंवा शेंगदाण्याची पेंड आणि शेवरीचा पाला द्या, आणि वेगळ्या घराण्याचं औषध, लेव्हामिसोल किंवा क्लोझँटेल, डॉक्टरांकडून वजन करून घ्या. स्वतः आणून पाजू नका असं मी या दोघांबद्दल ठामपणे सांगतो. लेव्हामिसोलची मात्रा जास्त झाली की बकरी तोंडाला फेस आणून थरथरते. क्लोझँटेल जास्त गेलं तर डोळ्याची नस जाऊन कायमची आंधळी होते, आणि ते पुन्हा फिरत नाही. दोन घराण्यांची औषधं एकाच वेळी देण्याचा मार्गही आहे, पण दोन्ही थोडीफार चालत असतील तरच त्याला अर्थ, म्हणून ते चाचणीनंतर. बकरी ईदला विकायचे बोकड असतील तर बाटलीवर लिहिलेले मांसासाठीचे थांबायचे दिवस पाळा.

शेवटचं, चिवट जंत तुमच्याच वाड्यात तयार झाले असतील असंही नाही. तुम्ही लिहिलंय की गेल्या वर्षी बाजारातून पैदाशीचा बोकड आणला आणि त्याच संध्याकाळी कळपात सोडला. यापुढे आणलेलं जनावर पंधरा दिवस वेगळ्या दाव्याला, वेगळ्या चाऱ्यावर. आल्याबरोबर डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन घराण्यांचं औषध, १४ व्या दिवशी लेंडी तपासणी, आणि अंडी दिसली नाहीत तरच कळपात, तेही बाकीच्या बकऱ्या चरून गेलेल्या कुरणात, रिकाम्या नव्या कुरणात नाही. दोन्ही गटांचे आकडे हाती आले की कळवा. कोणतं औषध किती मिली, ते बकऱ्यांची वजनं समोर ठेवून ठरवू.